इक्षुशर्करेचे विघटन : एका समीकरणाचा इतिहास

इंदापुराहून अकलूजकडे जाणाऱ्या आणि आषाढवारीत संत तुकाराममहाराजांच्या पालखीला सराटीच्या मुक्कामी नेणाऱ्या रस्त्यावर बावडा हे गाव आहे. आणि नीरेकाठच्या या शिवारात ऊस तोडणाऱ्या, वाहणाऱ्या किंवा गाळणाऱ्या कोणालाही हे नव्याने सांगावे लागत नाही, की कोयत्याचा घाव बसल्या क्षणापासून उसातील साखर उतरू लागते. फडात मोळ्या पडून राहिल्या, गाडीचा खोळंबा झाला, कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रांग लांबली, की उतारा घटतो. आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात तो हिवाळ्यापेक्षा अधिक झपाट्याने घटतो. ही घटलेली साखर नाहीशी झालेली नसते. तिच्या प्रत्येक रेणूने पाण्याचा एक रेणू आत घेऊन द्राक्षशर्करा आणि फलशर्करा या दोन शर्करांत स्वतःचे विभाजन करून घेतलेले असते. आणि या दोन्ही शर्करा गोड असल्या तरी कारखान्याच्या कामाच्या नसतात, कारण त्या स्वतः सहजी दाणा धरत नाहीत आणि उरलेल्या साखरेच्या दाणा धरण्यातही अडथळा आणतात. ज्या विघटनापायी या मुलखाचे दर हंगामात एवढे नुकसान होते, त्याच विघटनाच्या अभ्यासातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रसायनशास्त्राची एक संपूर्ण शाखा उदयास आली, आणि कागदावर लिहिलेले समीकरण व प्रत्यक्षात घडणारी घटना या दोहोंत किती अंतर असू शकते याचा बोधही जगाला प्रथम बऱ्याच अंशी याच साखरेने करून दिला.

ही हकीकत सुरू होते त्या वेळी नीरेच्या या काठावर कालव्याचे पाणी नव्हते. इंदापूर तालुका तेव्हा प्रसिद्ध होता तो अवर्षणासाठी आणि जमाबंदीच्या एका मोठ्या प्रयोगासाठी. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचे हिशेब बांधून ठरवलेला सारा येथील रयतेला पेलला नाही, लोक जमिनी टाकून जाऊ लागले, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून तालुक्याची पाहणी नव्याने केली. आणि १८३६ मध्ये तीस वर्षांच्या मुदतीने जो हलका सारा येथे लागू झाला, त्यातून पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी बंदोबस्ताची घडी बसली. ज्वारी-बाजरीच्या या जिरायत प्रदेशात ऊस हे दुर्मीळ पीक होते. जिल्ह्यात तो पिके तो विहिरीच्या मोटेवर, बेताचा, आणि त्याचा गूळ होई. चरकातून आलेला रस काहिलीत चढवला की गुळव्या त्यात चुन्याची निवळी सोडी. ती कमी पडली तर ढेप नीट बसत नाही आणि अधिक झाली तर गूळ काळवंडतो, एवढे त्याला हाताच्या सवयीने ठाऊक होते. रसाचा आंबटपणा चुन्याने मारला म्हणजे उकळताना साखर फुटत नाही, हे त्यामागील कारण होय. पण आंबटपणाचा आणि साखर फुटण्याच्या वेगाचा संबंध अंकांत मांडणारे त्या वेळी पृथ्वीच्या पाठीवर कोणी नव्हते.

तो संबंध मांडता येण्याची सोय फ्रान्समध्ये झाली. झां-बातिस्त बिओ या भौतिकीविदाला १८१५ मध्ये असे आढळले, की काही द्रवांतून ध्रुवित प्रकाश जाऊ दिला तर त्याच्या कंपनाचे प्रतल फिरते. साखरेचे पाणी ते उजवीकडे फिरवते, आणि किती फिरवते यावरून पाण्यात साखर किती हे सांगता येते. पुढे त्यालाच हेही दिसले, की साखरेच्या पाण्यात आम्ल घालून ठेवले असता हे वळण हळूहळू कमी होते, शून्यावर येते आणि मग डावीकडे जाते. याचे कारण द्युब्रुनफो याने १८४० नंतरच्या दशकात दाखवले. फुटलेल्या साखरेतील द्राक्षशर्करा प्रकाशाला उजवीकडे वळवते, परंतु फलशर्करा त्याहून अधिक जोराने डावीकडे वळवते, म्हणून त्यांच्या समभाग मिश्रणाचा एकंदर कल डावीकडे असतो. प्रकाशाच्या साहाय्याने, रसाचा एक थेंबही न काढता आणि चाललेल्या क्रियेला मुळीच न अडवता, कोणत्या क्षणी किती साखर शिल्लक आहे हे वाचण्याचे साधन अशा रीतीने सिद्ध झाले. आणि अन्य कोणत्याही पदार्थापेक्षा उसाच्याच साखरेला या इतिहासात अग्रपूजेचा मान मिळाला तो यामुळे.

या साधनाचा खरा उपयोग करणारा मनुष्य लुडविग विल्हेल्मी हा होय. तो १८१२ मध्ये पोमेरेनियातील स्टारगार्ड येथे जन्मला, औषधविक्रीचा व्यवसाय शिकला, तो चालवला, आणि मग ते दुकान विकून वयाच्या तिशीत पदार्थविज्ञान व रसायन शिकण्यासाठी विद्यापीठात दाखल झाला. हायडेलबर्ग येथे त्याला १८४६ मध्ये पदवी मिळाली, आणि १८५० मध्ये त्याने आम्लांच्या योगाने इक्षुशर्करेवर होणारी क्रिया कोणत्या नियमाने चालते यावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. तोवरचे रसायनज्ञ कोणता पदार्थ कशात बदलतो आणि किती वजनाने बदलतो हे विचारीत असत. विल्हेल्मीने विचारले, की किती वेळात बदलतो. साखरेचे पाणी आणि आम्ल नळीत भरून तो ठरावीक अंतराने प्रकाशाचे वळण टिपत गेला, आणि त्या आकड्यांतून त्याला एक अत्यंत साधा नियम दिसला : कोणत्याही क्षणी साखर फुटण्याचा वेग हा त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. एका तासात निम्मी साखर फुटली, तर पुढच्या तासात उरलेल्याची निम्मी आणि त्यापुढच्या तासात त्या उरलेल्याचीही निम्मीच फुटते. त्याने हा नियम कलनाच्या भाषेत मांडला. त्यात आम्लाचे प्रमाण घातले, उष्णतामानाचा परिणामही तपासला. रासायनिक क्रियेच्या वेगाचे गणिती सूत्र जगात प्रथम लिहिले गेले ते हे.

आणि ते कोणी वाचले नाही. विल्हेल्मी १८५४ मध्ये हायडेलबर्ग सोडून गेला आणि १८६४ मध्ये मृत्यू पावला. त्याच्या निबंधाकडे रसायनज्ञांचे लक्ष ऑस्टव्हाल्टने वेधले तेव्हा १८८४ साल उजाडले होते. हा निव्वळ उपेक्षेचा प्रकार नव्हता असे मला वाटते. क्रियेचा वेग हा रसायनशास्त्राचा विषय आहे हेच त्या काळाला मान्य नव्हते, आणि जो प्रश्न कोणी विचारलेलाच नाही त्याचे उत्तर कितीही नेमके असले तरी ते ऐकणारा कान मिळत नाही.

आता त्या सूत्राकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा सारा विवाद त्यात बीजरूपाने आहे. साखरेच्या विघटनाचे समीकरण सांगते, की ३४२ भार साखर आणि १८ भार पाणी यांपासून १८० भार द्राक्षशर्करा आणि १८० भार फलशर्करा होते. यात आम्लाचा उल्लेख नाही, कारण आम्ल जेवढे घातले तेवढे शेवटी जसेच्या तसे उरते. बर्झेलियसने १८३५ मध्ये अशा पदार्थांच्या कार्याला उत्प्रेरण हे नाव दिले होते. उलट विल्हेल्मीच्या वेगाच्या सूत्रात आम्ल आहे आणि पाणी मात्र नाही. समीकरणात जे आहे ते नियमात नाही, आणि नियमात जे आहे ते समीकरणात नाही! पाण्याच्या गैरहजेरीचा उलगडा सोपा आहे. शंभर भाग द्रावणात दहा भाग साखर असेल, तर साखरेच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे १७० रेणू असतात. त्यांतील एक खर्ची पडल्याने पाण्याच्या साठ्यात जाणवण्यासारखा फरक होत नाही, आणि म्हणून वेगावर त्याचा ठसा उमटत नाही. आम्लाच्या हजेरीचा उलगडा मात्र इतका सोपा नव्हता. त्यासाठी हे मान्य करणे भाग होते, की साखर आणि पाणी एकमेकांवर आपटून एका झटक्यात दोन शर्करा होत नाहीत. मध्ये काहीतरी घडते, आम्ल त्यात प्रवेश करते आणि काम आटोपून बाहेर पडते. समीकरण हा वर्षअखेरीचा ताळेबंद आहे. त्यावरून काय आले आणि काय उरले हे कळते, परंतु कोणत्या दिवशी कोणाशी कोणता व्यवहार झाला हे पाहायचे तर रोजकीर्द उघडावी लागते. आणि ज्या व्यवहाराची जमा व नावे एकाच वेळी पडून तो तिथेच मिटला, त्या एका नोंदीसारखी जी क्रिया, म्हणजे जिच्यात रेणू एकदाच एकत्र येतात आणि मध्ये कोणताही पदार्थ न थांबता फलस्वरूप होतात, तिलाच आज मूलभूत अभिक्रिया म्हणतात.

हे सत्य एकाएकी हाती आले नाही. नॉर्वेतील गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये पदार्थांच्या संहतीवर क्रियेचा जोर अवलंबून असतो हा सिद्धांत मांडला. त्याच दशकात ऑक्सफर्डच्या हारकोर्ट आणि एसन यांनी पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांची क्रिया तपासली. हिचे समीकरण लिहू जाता दोन रेणू परमँगनेटचे, पाच ऑक्झॅलिक आम्लाचे आणि तीन गंधकाम्लाचे, असे दहा रेणू डाव्या बाजूस येतात. आणि दहा रेणू एकाच क्षणी, एकाच ठिकाणी, योग्य दिशेने येऊन भिडणे ही गोष्ट केवळ कागदावरच शक्य आहे. दोन रेणूंची टक्कर नित्याची आहे, तिघांची विरळा आहे, चौघांची असून नसल्यासारखी. ही क्रिया प्रथम मंद चालते आणि मग तिच्यातूनच उत्पन्न झालेल्या मँगनीजच्या क्षाराने वेग घेते, हेही त्यांच्या ध्यानात आले. ती पायरीपायरीने चालत असली पाहिजे, याला दुसरा पुरावा नको होता.

इकडे १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली, आणि दुष्काळनिवारणाचा उपाय म्हणून नीरेचे पाणी वीरपासून उचलून पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नेणारा डावा कालवा खोदला गेला. त्याचे पाणी १८८५ च्या सुमारास वाहू लागले. नेमक्या त्याच काळात, १८८४ मध्ये, ॲम्स्टरडॅम येथे व्हान्ट हॉफ याचा रासायनिक गतिशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने अभिक्रियांचे एकरेणवीय, द्विरेणवीय असे वर्ग पाडले आणि वेगाच्या मोजमापावरून प्रत्यक्ष किती रेणू क्रियेत भाग घेतात हे शोधण्याची रीत घालून दिली. ती रीत वापरताच असे दिसू लागले, की समीकरणातील रेणूंची संख्या आणि वेगाने सांगितलेली संख्या यांचा मेळ बहुधा बसत नाही. वेगाचे सूत्र समीकरणावरून आयते लिहिता येत नाही, ते प्रयोगानेच मिळवावे लागते. समीकरणावरून ते लिहिण्याची मुभा आहे ती फक्त मूलभूत अभिक्रियेपुरती. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये व्हान्ट हॉफला मिळाले.

यानंतर साखर पुन्हा रंगभूमीवर येते. स्वीडनच्या स्वांटे आरेनियसने १८८९ मध्ये आम्लाने होणाऱ्या तिच्या विघटनावरच आपला विख्यात निबंध लिहिला. उष्णतामान एका अंशाने वाढले तर या क्रियेचा वेग दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतो. परंतु रेणूंच्या धावण्याचा वेग मात्र तेवढ्याने एका टक्क्याच्या षष्ठांशाइतकाच वाढतो. मग वाढलेल्या टकरींनी एवढी मोठी वाढ कशी समजावून द्यावी? आरेनियसचे उत्तर असे, की साखरेचे सर्व रेणू सारख्या योग्यतेचे नसतात. त्यांतील अत्यल्प अंश ऊर्जेचा उंबरठा ओलांडून ‘क्रियाशील’ झालेला असतो, फुटतो तो तेवढाच, आणि उष्णतेने वाढते ती त्या अंशाची संख्या. हा हिशेब तीस अंशांवरून उकळत्या रसापर्यंत नेला तर साखर फुटण्याचा वेग काही हजारपट होतो. काहिलीखालचा जाळ पेटण्यापूर्वी जो आंबटपणा निरुपद्रवी वाटतो तो उकळी आल्यावर ढेपच बसू देत नाही, याचे गणित यात आहे.

एवढ्यावरही गोष्ट संपली नाही, कारण साखर फोडणारे आम्ल हे एकटेच नव्हे. यीस्टमध्ये आणि उसाच्या स्वतःच्या पेशींतही इन्व्हर्टेज नावाचे विकर असते, आणि तेही हेच काम करते : तीच साखर, तेच पाणी, त्याच दोन शर्करा, तेच समीकरण. परंतु त्याचा वेग मोजला तेव्हा नियम निराळा निघाला. एड्रियन ब्राऊन याला १९०२ मध्ये असे आढळले, की साखर भरपूर असताना ती आणखी वाढवली तरी वेग वाढत नाही. विकर आणि साखर यांचा प्रथम संयोग होतो आणि मग तो संयोग फुटून शर्करा बाहेर पडतात, असे मानल्यावर या वर्तनाचे कोडे सुटले. कारण विकराचा प्रत्येक रेणू साखरेत गुंतलेला असता जादा साखरेला थांबून राहण्यावाचून गत्यंतर नसते. व्हिक्टर हेन्रीने १९०३ मध्ये त्याचे सूत्र दिले, आणि १९१३ मध्ये बर्लिन येथे लिओनोर मिखाएलिस व कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन या विदुषीने द्रावणाचा आंबटपणा काटेकोर राखून केलेल्या प्रयोगांनी ते पक्के केले. आज जगातील कोणत्याही विकराचा अभ्यास या दोघांच्या सूत्रावाचून आरंभ पावत नाही, आणि ते सूत्र निघाले ते उसाच्या साखरेवरून.

वायूंच्या क्षेत्रातील एक उदाहरण येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हायड्रोजन आणि आयोडीन यांच्या संयोगाचा अभ्यास बोडेनश्टाइनने १८९० नंतरच्या दशकात केला, आणि त्याचा नियम समीकरणाशी तंतोतंत जुळला : दोहोंचा एकेक रेणू, आणि वेग दोहोंच्या गुणाकाराच्या प्रमाणात. त्याच घराण्यातील ब्रोमीन घेऊन त्याने १९०६ च्या सुमारास प्रयोग केला तेव्हा मात्र वर्गमूळ आणि अपूर्णांक असलेले असे किचकट सूत्र हाती आले, की त्याचा अर्थ लागण्यास आणखी बारा-तेरा वर्षे जावी लागली. क्रिस्टियानसेन, हेर्त्सफेल्ड आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे दाखवले, की येथे ब्रोमीनचे आणि हायड्रोजनचे सुटे अणू आळीपाळीने काम करून क्रियेची एक साखळीच चालवतात. ब्रोमीनची क्रिया अनेक पायऱ्यांची आणि आयोडीनची एका पायरीची, असे मग पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकवले गेले. पण १९६७ मध्ये सलिव्हन याने प्रकाशाच्या साहाय्याने आयोडीनचे अणू सुटे करून दाखवून दिले, की तेथेही काम करतात ते सुटे अणूच. नियम समीकरणाशी जुळला हा योगायोग होता. समीकरण आणि नियम यांचा मेळ बसणे ही मूलभूत अभिक्रियेची खूण आहे, पण ती दुसऱ्या कोणाच्याही अंगावर दिसू शकते, आणि म्हणून तेवढ्यावर निवाडा देता येत नाही.

साखरेच्या विघटनाची आज मान्य असलेली वाटचाल अशी आहे. साखरेच्या रेणूत दोन शर्करांना जोडणारा ऑक्सिजनचा एक अणू असतो. आम्लातून आलेला प्रोटॉन त्यावर बसतो. ही पायरी वेगाने होते आणि तितक्याच वेगाने उलटतेही. प्रोटॉन बसलेल्या रेणूंपैकी एखाद्याचा, फलशर्करेच्या बाजूचा बंध तुटतो. ही पायरी मंद, आणि सर्व क्रियेचा वेग हिच्याच हाती. तुटलेल्या, धनभारित फलशर्करेच्या खंडाला पाण्याचा रेणू तत्क्षणी येऊन मिळतो आणि प्रोटॉन मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे वळतो. यांतील प्रत्येक पायरी ही मूलभूत अभिक्रिया. तिघींची बेरीज केली की प्रोटॉन दोन्ही बाजूंनी कटतो आणि शाळेच्या फळ्यावरचे समीकरण उरते. विकरही नेमका तोच फलशर्करेच्या बाजूचा बंध तोडते, परंतु साखरेला आपल्या कुशीत धरून, निराळ्या पायऱ्यांनी.

नीरेच्या खोऱ्यात हे ज्ञान उतरले ते यंत्रांबरोबर. भाटघरचे मोठे लॉइड धरण १९२८ मध्ये पुरे होऊन कालव्याला बारमाही आधार मिळाला, १९३२ मध्ये साखरधंद्याला जकातीचे संरक्षण लाभले, आणि पाहता पाहता वालचंदनगर, श्रीपूर आणि कालव्याच्या पाण्यामागे सासवडहून आलेल्या माळी बागायतदारांनी स्वतःच्या भांडवलावर उभारलेले माळीनगर येथे चिमण्या दिसू लागल्या. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ चेच. पुढे महाराष्ट्रभर पसरलेला को. ७४० हा वाण तेथला. स्वातंत्र्यानंतर सहकाराच्या लाटेत भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर झाले, आणि नंतरच्या काळात, कालव्याच्या टोकाकडील ज्या भागाला पाणी कायम अपुरे पडत आले त्या बावड्याच्या परिसराला, बावड्याचेच शंकरराव पाटील यांच्या पुढाकाराने झालेला इंदापूरचा कारखाना आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा हे जवळचे झाले. प्रत्येक कारखान्याच्या प्रयोगशाळेत ध्रुवणमापक आला. क्लेर्जे याने १८४० नंतरच्या दशकात सुचवलेल्या रीतीने रसाचे वळण एकदा तसेच आणि एकदा आम्लाने साखर फोडून वाचायचे, आणि दोहोंच्या फरकावरून खरी साखर काढायची. विल्हेल्मीने ज्या क्रियेचा वेग मोजला तीच येथे मोजमापाचे साधन झाली.

आणि तोडलेल्या उसाबाबत समीकरण जे सांगू शकत नाही ते पायऱ्या सांगतात. फडात आणि गाडीत साखर फोडते ते मुख्यतः विकर, ज्याला चुना घालण्याची तेथे सोय नाही. त्याला हरवण्याचा उपाय त्वरा हाच, म्हणून आज तोडलेला ऊस उद्याच्या आत गाळला पाहिजे हा कारखान्यांचा आग्रह असतो. रस निघाला की विकराचा बंदोबस्त उष्णतेने होतो, कारण तापल्यावर त्याच्या रेणूची घडी मोडते आणि ते निकामी होते. परंतु विकराला मारणारी तीच उष्णता आम्लाचा हात काही हजारपट बळकट करते. म्हणून रस उकळीला येण्याआधी त्याचा आंबटपणा चुन्याने मारावा लागतो, आणि पुढे रस आटवतानाही कढई उघडी न ठेवता, हवेचा दाब कमी केलेल्या पात्रात, साठ-सत्तर अंशांवरच पाक शिजवला जातो. उघड्या काहिलीत गूळ शिजवणाऱ्याला ही सोय नाही. त्याचा पाक ११८ अंशांच्या आसपास चढतो, आणि त्याच्या हाती उरतो तो चुना. काकवी करणारा मात्र पाक आधीच उतरवतो आणि तिने पुढे दाणा धरू नये म्हणून त्यात मुद्दाम थोडे लिंबाचे सत्त्व टाकतो. म्हणजे ज्या पायरीला गुळव्या अडवतो तिलाच तो वाट करून देतो.